चांदचाचाच्या गाठी

मी मूळचा औंढ्याकडचा, जात सुताराची, नाव किसन. बाप बैलगाडीची चाकं करायचा. त्याच्या हातचं चाक लोक लांबून वळखायचे, इतकं बराबर गोल. मला मात्र लाकडात जीव न्हाई लागला. काय सांगू तुमाला, मला लोखंडाचाच नाद. हिंगोलीत सरकी काढायची गिरणी व्हती, तिथं इंजिनाला तेल घालायला लागलो, तेल घालता घालता बघून शिकलो, आन् मंग बाजाराच्या तोंडाशी लहानसं दुकान टाकलं. सायकली, गॅसबत्त्या, शिवणाच्या मशिनी, जे येईल ते. बाप म्हणायचा, लाकूड बोलतं रे, लोखंड मुकं असतं, त्याच्या नादी लागू नको. मी म्हणायचो, बोलतं बाबा, ऐकणारा पायजे. लई शहाणा व्हतो मी तवा.

तर हिंगोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसायबानं मोटारसायकल घेतली. नवी न्हाई, जुनी. सेनगावकडं जंगलाचा एक ठेकेदार व्हता, त्याची. ठेकेदाराला शिकारीचा शौक, म्हणून त्यानं कंपनीच्या वायरीवर आपल्या वायरी घालून घेतलेल्या. हँडलवर एक मोठा दिवा, मागं एक दिवा, बॅटरीवरचा भोंगा, आन् अजून काय काय. ठेकेदार गाडी इकून हैदराबादेला निघून गेला. शिवरात्रीची जत्रा चार दिसांवर आली तवा डॉक्टरसायबानं गाडी माझ्याकडं आणली, म्हणले, किसन, साफ करून दे, मला रोज औंढ्याला जायचंय, जत्रेत पटकीची सुई टोचायची हाय. मागल्या साली जत्रेनंतर आमच्या गावात पटकी शिरली व्हती. माझा सख्खा चुलता त्यात गेला, दुपारी शेतातून आला आन् दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाई. म्हणून ही गाडी माझ्यासाठी नुसती गाडी न्हाई व्हती.

सीट काढली तं खाली वायरींचं असं जाळं, सुगरणीच्या खोप्यावानी. सगळ्या वायरी काळ्या कापडात गुंडाळलेल्या, सगळ्या एकाच रंगाच्या, आन् दर वायरीच्या टोकाला हिरव्या रेशमाचा दोरा, त्याला गाठी मारलेल्या. कुठं एक, कुठं दोन, एकाला पाच. आता तुमीच सांगा, हिरवा रेशीम, त्याला गाठी, आमच्याकडचा माणूस काय समजंल? गंडा. दर्ग्यावरून आणून बांधलेला गंडा. माझ्या मायनं माझ्या दंडाला असाच बांधला व्हता लहानपणी. वायरी पुसायच्या म्हणजे रॉकेलचा हात लागणार, गंड्याला रॉकेल लागू नये म्हणून मी एकेक दोरा सोडला, डोळ्याला लावला, आन् सगळे मिळून हँडलला नीट बांधून टाकले. लई खूश झालो स्वतःवर. मंग वायरी सोडल्या, पुसल्या, आन् जोडाया बसलो तं कोणती कुठली, काहीच समजंना.

एक दिवस गेला, दुसरा गेला. दिव्याचं बटण दाबावं तं भोंगा वाजायचा आन् बाजारातली जनावरं बुजायची. इंजिन तर चालूच व्हईना, लाथा मारमारून माझी पोटरी सुजली. लोकं यायचे, बघायचे, म्हणायचे, किसन, गाडी तुला शिव्या देऊन राहिली. मी मागच्या मालकाला शिव्या देऊन राहिलो व्हतो. काय हा गोंधळ घालून ठेवला म्हणलं. संध्याकाळी डॉक्टरसायेब आले, रागावले न्हाईत, नुसतं म्हणले, जत्रेआधी व्हईल ना रे? ते रागावले असते तं बरं झालं असतं. जाता जाता म्हणले, ठेकेदार सांगत व्हता, हे काम सेनगावच्या चांदमियाँ पटवेगारानं केलं म्हणून. मी म्हणलं, पटवेगार? बायकांचे दागिने गाठणारा, करदोडे इकणारा? मंग असंच व्हणार.

सकाळीच एका बैलगाडीत बसून सेनगावला गेलो. चांदमियाँ ओट्यावर बसून कुणाची तरी बोरमाळ गाठत व्हता, दाढी पांढरी, बोटं मात्र पोरीसारखी बारीक. माझं सगळं ऐकून घेतलं, मंग इचारलं, गाठी किती व्हत्या? म्हणलं, सोडल्या. काहून सोडल्या? म्हणलं, गंडा समजून. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् असा हसला, असा हसला, बोरमाळेचे मणी ओट्यावर सांडले. म्हणला, मला लिहिता येत न्हाई बाबा, गाठ मारता येती. एक गाठ पुढचा दिवा, दोन मागचा, तीन भोंगा, चार बॅटरी. मी इचारलं, आन् पाच? तं म्हणला, चल, दाखवतो. हातातलं काम फडक्यात बांधलं आन् माझ्यासंगं निघाला, भाड्याचं नाव न्हाई काढलं.

दुकानात आल्यावर त्यानं वायरीला हातच लावला न्हाई. मला म्हणला, डोळे मीट. डोळ्याला सगळ्या काळ्याच दिसणार, बोटाला न्हाई. एक वायर धर आन् ती जाईल तिकडं जा, मधी सोडू नको. मी डोळे मिटून गेलो, आन् खरं सांगतो, तवा मला त्या माणसाचं काम कळालं. जिथं दोन वायरी जोडल्या तिथं कथील वितळवून दिलेला डाक, डाकावर मेण, मेणावर रेशमाचे वेढे, एकावर एक न चढलेले. किती पावसाळे खाल्ले त्या गाडीनं, एक सांधा ढिला न्हाई, एका तांब्याच्या तारेला हिरवा गंज चढलेला न्हाई. ज्याला मी गोंधळ म्हणलं तो गोंधळ माझा व्हता.

शेवटची एक वायर सीटखालच्या नळीत घुसली आन् आत एका लहान खटक्यापाशी थांबली. चांदचाचा म्हणला, हीच पाच गाठीची, आन् ह्यो चोरखटका. ही वायर लोखंडाला टेकली की इंजिन मुकं, चोरानं कितीबी लाथा मारू दे. आन् मी शहाण्यानं ती वायर लोखंडालाच आवळून ठेवली व्हती, कंपनीची अर्थिंगची वायर समजून. सोडली, चाचानं खटक्याला जोडली, मी एकच लाथ मारली. इंजिन बोललं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, लाजायचं काय त्यात.

डॉक्टरसायेब जत्रेत रोज गेले. त्या साली आमच्या गावात पटकी आली न्हाई. पुण्य सुईचं, डॉक्टरसायबाचं, पण मी चाचाचंबी नाव घेतो. मंग कैक सालं दर बाजाराच्या दिवशी चाचा दुकानात यायचा, मला डाक शिकवला, मेण शिकवलं. बापानं मला बराबर बघायला शिकवलं, चाचानं न बघता काम करायला.

आता ह्या भादव्यात निजामाचं राज गेलं, गडबड झाली, मुसलमानांच्या घरांवर लोक चालून जाया लागले. कोण कुणाचा हे समजंना. चाचा आन् चाची सेनगावात एकटेच. डॉक्टरसायबानं न इचारता किल्ली हातात दिली, तीच गाडी, आन् मी दोन खेपा केल्या, आदी चाचीला आणलं, मंग चाचाला. रस्त्यात चाचा मागं बसून एका हातानं सीटखालच्या वायरी चाचपत व्हता. हिंगोली आली तवा म्हणला, सांधे टिकले.

आता ते माझ्या घरातच राहत्यात. नजर गेली त्याची, पण दुकानात बसतो, वायर हातात दिली की सांगतो कुठं दुखतं तिला. दिवाळीच्या तोंडाला माझ्या लेकीला लेकरू झालं. बारशाला चाचानं हिरव्या रेशमाचा करदोडा गाठला, चाचपत चाचपत लेकराच्या कंबरेला बांधला, पाच गाठी मारल्या. मी म्हणलं, चाचा, ह्या खेपेला आदीच इचारतो, ह्यो गंडा हाय का वायरीची खूण?

चाचा म्हणला, गंडा हाय बाबा. ह्यो तेवढा सोडू नको.