फुलाबाईंचा व्यायाम

सोलापूरच्या एका दवाखान्यात, गुडघा बदललेल्या फुलाबाई आणि त्यांचे मालक बिरप्पा माझ्या शेजारी येऊन बसले.

“आज डॉक्टरपुढं चालली न्हाईस, तर परत भरती करून घेत्यात बघ.”

“उगं नुसतंच कुणी चालतंय व्हय? जल्मभर मेंढरांमागं चालले. म्होरं कायतरी पायजे की!”

“म्हणून तर घरी मी घोंगडं पांघरून तुज्याम्होरं चालतोय.”

“तुमी लई सरळ चालताय. मेंढरानं वाटंत थांबावं, कडंला तोंड घालावं.”

“काल शेजारणीच्या मेथीत घातलं की! किती बोलली मला.”

“पर माजा गुडगा कसा झ्याक वाकला!”

“फुलाबाई, आत या,” नर्सने हाक मारली.

“ऊठ.”

“तुमी म्होरं व्हा.”

“हितं? एवढ्या माणसांत?”

“मग ऱ्हाऊ द्या. मी बसते हितंच.”

“...बॅऽऽ.”

“आनखी जरा मोठ्यानं.”

“बॅऽऽऽ!”

“आता कसं! हुर्रर्र, चला!”

दोघे एकामागे एक आत गेले. दार उघडेच राहिले.

“वा आजी, मस्त चालताय! घरी व्यायाम कोण करून घेतं?”

“समदी मेंढरं इकली, सायेब. ह्ये एवढं एकच ठिवलंय.”