दुसरा कप

नाही हो, कार्यक्रम संपला केव्हाच. कागदावर साडेचारपर्यंत होतं, साडेतीनलाच उरकलं – बसा ना, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय – ही घ्या, इथं बसा. सर? सर गेले घरी. हो, सत्कार त्यांचाच होता, आणि सत्कार घ्यायच्या आधीच ते निघून गेले. पिशवीत काय आहे, पुस्तक? तुम्ही लिहिलंय? वा. पण वर्गात कधी दिसला नाहीत तुम्ही – अच्छा, बाहेरून परीक्षा दिलीत, सरांच्या पत्रांवर शिकलात! म्हणजे त्यांना कधी पाहिलंच नाही? अगं बाई. मग तुम्हाला धाडलेली पत्रं मीच पेटीत टाकलेली असणार. एकोणीस वर्षं झाली मला तत्त्वज्ञान विभागात. हजेरीपटावर शिपाई, पोरींची मावशी. आणि विभाग म्हणजे तरी काय – एक खोली, दोन कपाटं, एक सर आणि मी. सर या महिन्यात निवृत्त होतायत आणि विभागाला पुढच्या वर्षापासून कुलूप. म्हणून तर हा थाट! असेपर्यंत कुणी ढुंकून बघायचं नाही आणि जायच्या वेळी ढोल बडवायचे.

तुम्ही उशिरा आलात तेच बरं झालं, खरं सांगते. तो फलक बघा, अजून लोंबतोय – ‘प्रश्न विचारा!’ एवढी मोठी अक्षरं. आणि पाहुण्यांचं भाषण झाल्यावर मागून एका मुलीनं हात वर केला, तर निवेदक म्हणतो, वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. वेळ कुठून उरणार? पाहुणे मौनावर बोलत होते – पन्नास मिनिटं! मौनाचं महत्त्व, मौनाचं सामर्थ्य, मौनाचे पाच प्रकार – बाबा रे, एक प्रकार तरी करून दाखव. मग आमचे प्राचार्य. हे गेल्याच वर्षी आलेत. ते करुणेवर बोलले, आणि बोलता बोलता माइकची वायर पायात आली तर त्या माइकवाल्याला सगळ्यांदेखत असं काही झापलं की तो बिचारा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मग पुन्हा करुणा सुरू. मग नाच. निळं कापड घेऊन चार मुली इकडून तिकडे पळाल्या, त्याचं नाव ‘जाणिवेचे तरंग’. त्या कापडाच्या घड्या आता कोण घालतंय बघा – मी. नको वाटतं हो असलं बघून. किळस येते.

आणि मग ती नाटिका.

तुम्हाला सांगून काय उपयोग म्हणा – पण आलायत एवढ्या लांबून. एक चष्मेवाली मुलगी आहे शेवटच्या वर्षाला, हुशार, बोलण्यात पटाईत. नाटिका तिनंच लिहिली, काम तिनंच केलं. मिशी लावून, ढगळ कोट घालून आली, आणि आमचे सर झाली. अगदी तंतोतंत हो! ते खडू खिशात ठेवणं, वाक्य अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघणं, हाताला तो जरासा कंप. लोक हसायला लागले. सर पहिल्या रांगेत बसलेले, तेही हसले – त्यांना नक्कल आवडली असावी, मान हलवत होते. तिथपर्यंत ठीक होतं. मग तिनं काय केलं, स्टेजवर एक रिकामी खुर्ची आणून ठेवली. समोर टेबल, टेबलावर दोन कप. एक कप स्वतःपुढे, एक कप त्या रिकाम्या खुर्चीपुढे. आणि खुर्चीकडे वाकून, सरांच्या आवाजात – ‘साखर पुरे ना गं?’

सभागृह फुटलं. एकेक जण पोट धरून हसतोय. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. ती पुढे खुर्चीशी वाद घालायला लागली – तू आहेस की नाहीस, नसशील तर उत्तर का देत नाहीस, असशील तर दिसत का नाहीस – लोक टाळ्या पिटतायत. मी त्या दारात उभी, हातात ट्रे. आणि सरांनी मान वळवली. स्टेजकडे नाही हो, मागे. एवढ्या गर्दीतून बरोब्बर माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं – चष्मा कुठं ठेवला ते आठवत नसलं की माणूस बघतो ना, तसं.

थांबा, तुम्हाला कळणार नाही. सरांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. उन्हाळी सुट्टीत. कुणाला कळवलं नाही, कुणी आलं नाही, चार दिवसांनी खोलीत येऊन बसले आणि म्हणाले, चहा दोन कप कराल का? मला वाटलं कुणी यायचंय. केला. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप. दाराची फट असते थोडी – मी काही मुद्दाम बघायला गेले नव्हते – तर हे समोरच्या खुर्चीपुढे कप ठेवतायत आणि हळूच विचारतायत, साखर पुरे ना गं. मग आपला कप प्यायचे, तिला दिवसभराचं सांगायचे. कोणत्या मुलानं काय विचारलं, कुणाचं पत्र आलं – तुमचंही सांगितलं असेल. निघताना तिचा गार झालेला चहा कुंडीत ओतायचे आणि दोन्ही कप स्वतः विसळून पालथे ठेवायचे. मला कधी म्हणून हात लावू दिला नाही. तीन वर्षं हे चाललंय आणि या अख्ख्या कॉलेजात ते मला एकटीला माहीत होतं.

मला एकटीला. हो. आता तुमच्याही डोक्यात आलंच असेल – मग त्या मुलीला कसं कळलं?

मीच सांगितलं. त्यात लपवायचं काय? महिन्याभरापूर्वी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या माझ्याकडे. मावशी, तुम्ही सगळं बघता, मावशी, तुमच्याशिवाय कोण सांगणार – सरांच्या गमतीजमती हव्यात, प्रेमानं करणार आहोत. एकोणीस वर्षांत मला कुणी काही विचारलंय का? सर सोडून कुणी नाही. आणि इथं तिघी जणी वही उघडून समोर बसलेल्या, मी बोलतेय आणि त्या लिहितायत. माणूस फुगतो हो. आधी खडूचं सांगितलं, मग कोटाचं. त्या हसल्या. आणखी सांगा ना. माझ्याकडचं संपत आलं होतं – आणि त्यांचं हसू थांबायला नको होतं मला. मग मी उठले. हो, मी उठले, दोन कप मांडले आणि करून दाखवलं. ‘साखर पुरे ना गं.’ आवाज काढून. पोरी लोळल्या. मीही हसले. लोकांची काय किळस सांगतेय मी तुम्हाला!

पुढचं ऐका. नाटिका संपली आणि लगेच सत्कार. सरांना वर बोलावलं. प्राचार्य मानचिन्ह घेऊन उभे. सर चढले, मानचिन्हाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ त्या मुलीपाशी गेले. ती मिशी काढायच्या गडबडीत होती. सरांनी टेबलावरचा दुसरा कप उचलला आणि दुसऱ्या बाजूला ठेवला. आणि वर्गात चूक दुरुस्त करतात ना, तशा आवाजात म्हणाले – माइक चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं – ‘तिचा कप डाव्या हाताला ठेवायचा, बाळ. तिला उजवा हात उचलता येत नव्हता. शेवटची दोन वर्षं.’

तिच्या हाताचं मलाही माहीत नव्हतं. मी करून दाखवताना कप उजवीकडे मांडला होता.

मग सर खाली उतरले आणि चालायला लागले. आणि प्राचार्य काय म्हणतात माइकवर? ‘आपल्या सरांची विनोदबुद्धी आजही तितकीच तल्लख आहे! जोरदार टाळ्या!’ आणि वाजवल्या हो! कोडग्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी काय केलं? मागच्या त्या चहाच्या खोलीत शिरले, दाराआड. वाटलं सर समोरच्या दारानं जातील. तर ते आतच आले. त्यांच्या हातात त्यांचा कप होता, मघाशी पहिल्या रांगेत मीच दिलेला. नळ सोडला, कप विसळला, पालथा ठेवला. मी दाराआड श्वास रोखून, चोरासारखी. तीन पावलांवर होते. ‘बाई,’ म्हणाले. एवढंच. बघितलं नाही इकडं. थोडा वेळ थांबले – मी बाहेर यावं म्हणून थांबले असतील. नाही आले मी. मग गेले.

त्यानंतर ती चष्मेवाली आली. अर्धी मिशी तशीच ओठावर, रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, ‘मावशी, त्या गेल्यायत हे तुम्ही सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं सर गंमत करतात, तत्त्वज्ञानातली काहीतरी गंमत.’ मी म्हटलं, ‘तुम्ही विचारलं नाहीत.’

असं म्हटलं मी त्या पोरीला. विचारलं नाहीत! मला ठाऊक होतं हो. ते सांगितलं असतं तर एकही हसली नसती. अगदी जिभेवर आलं होतं, पण मीच गिळलं.

असं का बघताय माझ्याकडे? पाणी नकोय मला. आणि ते पुस्तक माझ्या हातात देऊ नका, मी नाही पोचवणार, कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्हीच जा. फाटकातून बाहेर पडलात की डावीकडे तिसरं घर, निळं दार. घंटा बिघडलीय, कडी वाजवा. चहा विचारतील, नाही म्हणू नका. आणि आपण भेटलो ते सांगू नका – किंवा सांगा. नको. उठा आता, पाय उचला, मला त्या खुर्चीखालचं झाडायचंय.