मुरलीधर शिंप्याचा उभा नेम

मंडळी, ऐका! एक विचारतो, खरं सांगा — दुखणं गिळून गप्प बसणं, याला सहनशक्ती म्हणायची की अहंकार? ...हां! निम्म्या माना अशा हलल्या, निम्म्या तशा. म्हणजे गोष्ट सांगायलाच हवी!

बार्शीकडच्या एका गावात मुरलीधर हेंद्रे नावाचा शिंपी. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, पायडल मारायचं. एक दिवस उठायला गेला, आणि — सण्णकन! कुल्ल्यातून कळ निघाली, मांडीमागून, पोटरीतून, थेट अंगठ्यापर्यंत. जशी वीज!

बायकोला सांगितलं? छे! "काय झालं?" — "काही नाही!" पुरुषमाणसाचा गुरुमंत्रच तो! गुपचूप परगावी गेला, पोटरीवर तापल्या सळईचा डाग घेऊन आला. पोटरी भाजली, कळ जागच्या जागी!

त्यात गावात सप्ताह बसला. मुरलीधरला मांडी घातली की कळ यायची, उभं राहिलं की जरा बरं वाटायचं. म्हणून तो कीर्तनभर खांबाशी उभा. लोक म्हणाले, "मुरलीधररावांनी उभं राहायचा नेम घेतलाय!" घेतला होता का हो? नाही! पण 'नाही' असंही तो म्हणाला नाही! बाया पाया पडायला लागल्या. गळ्यात वीणा आली — वीणेकऱ्यानं तर उभंच राहायचं असतं! कौतुक गोड लागलं, मंडळी. घरी मात्र चप्पल घालताना अंगठा बधिर लागायचा — पाय गेला, तर मशीन कोण चालवणार?

काल्याच्या दिवशी सत्कार ठरला. पाट मांडला, भोवती रांगोळी. "बसा, मुरलीधरराव!" आता? बसला बिचारा! नारळ घेतला, आणि उठायला गेला तर — उठवेना! डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोक म्हणतात, "पाहा, भाव दाटून आला!" अहो, भाव कसला? शीर दाटली होती!

बायको शकुंतला बायकांतून उठून पुढं आली. "अहो, देवाच्या दारात आहात. खरं सांगा."

"शकू, पाय जळतोय गं. नेम-बिम काही नाही. बसवत नाही, म्हणून उभा राहत होतो."

मुरलीधरनं मान खाली घातली — आता हसणार सगळे. पण जुने वीणेकरी तात्या आले, त्यांनी त्याला खांदा दिला. "आधी बोलला असतास, तर पाटाऐवजी खाट आणली असती की रे!"

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उताणं झोपवलं, पाय सरळ वर उचलला. "ओय ओय!" मग तो डाग दिसला. "अहो, वायर कमरेत दबलीय आणि तुम्ही दिवा भाजून काढलात? मणक्यांमधली गादी सरकलीय, ती शिरेवर दाबतेय. बरं, लघवी अडते? बसायची जागा बधिर होते? पंजा लुळा पडतो?"

"नाही."

"यातलं काही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. नाहीतर घाबरू नका. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. थोड्या गोळ्या, मी शिकवते तो व्यायाम, आणि चालणं. झोपून राहायचं नाही, तासन्‌तास बसायचंही नाही."

"पाय पहिल्यासारखा होईल, बाई?"

"होईल असंच दिसतंय. पण घाई करायची नाही."

मग काय! शिलाईच्या ऐन भरात शकुंतलेची हाक — "उठा, गल्लीतून चक्कर मारून या!" गिऱ्हाईक टेप धरून ताटकळत! एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ. एकदा तर चिडला, "बास झाला व्यायाम!" शकुंतलेनं शेजारी चटई टाकली आणि स्वतःच पाय उचलायला लागली. हसू आलं त्याला. बसला की चटईवर!

आणि एके सकाळी अंगठा मोकळा! काही दिवसांनी पोटरीही. "शकू, कळ मांडीत आली गं!" ती घाबरली, डॉक्टरीणबाई हसल्या. "वर सरकतेय ना? मग आल्या वाटेनं परत निघालीय ती!"

दिवाळीच्या कपड्यांना मुरलीधर पुन्हा पायडल मारत होता — मधेमधे उठत, फेरी मारत. आणि आता कुणी "कसं काय?" विचारलं, तर सरळ सांगायचा, "आज जरा दुखतंय बुवा!" मंडळी, पाय बरा झाला त्याचं मला कौतुक आहेच, पण हे वाक्य त्याच्या तोंडी आलं, ती खरी कृपा!

आता तुमचं बोला! "काही नाही, काही नाही" म्हणत कोण काय दाबून बसलंय? देह देवानं दिलेला; त्याची हाक दाबणं ही काही भक्ती नव्हे. घरी गेल्यावर आपल्या माणसाला सांगा, वैद्याला दाखवा. आणि आत्ता, या क्षणी ज्यांची कंबर अवघडलीय — उठा की! खुशाल उभे राहा, पाय मोकळे करा. देव रागवायचा नाही. रागावलाच, तर माझं नाव सांगा!

...अरे वा! अर्धा मंडप उठला की! मग आता उभ्यानंच टाळी वाजवा, आणि म्हणा — रामकृष्णहरी!