पानं उडतात म्हणून

…आणि वर डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, ‘डोक्यावर पंखा असून लावला कसा नाहीत?’ अहो, लावू दिला असता तर लावला नसता का? तुम्हाला सांगतो, आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, वर तापलेला पत्रा आणि पत्र्याखाली मी नि माझा थोरला भाऊ. पंखा आहे, उत्तम आहे, अगदी नवा कोरा आहे. कारण तो कधी फिरलेलाच नाही! का? तर पानं उडतात! सुट्या पानांच्या थप्प्या क्रमाने मांडलेल्या, त्यांत एक झुळूक शिरली की संपलं… कादंबरीतला नायक आधी मरणार आणि मग लग्नाला उभा राहणार! म्हणून दादाचा कायदा : पंखा लावायचा नाही!

बरं, खिडकी? तीही बंद. ‘वारा बाहेरचा काय नि आतला काय, कागदाला सारखाच.’ दादा, पाणी तरी पी! ‘ओल्या हाताने कागदाला शिवू नये.’ दादा, दुपारचं काम थांबवू या, ऊन फार आहे! ‘ऊन बाहेर आहे, आपण आत आहोत.’ अशी ही तर्कशुद्धता! वहिनी रोज भरलेली बाटली माझ्या हाती देऊन बजावायच्या, ‘भावोजी, ही रिकामी होऊनच घरी आली पाहिजे हं!’ यायची ना, रोज रिकामी यायची! दादा ती खळीच्या भांड्यात ओतायचा. वहिनी निश्चिंत, खळ पातळ, आणि दादा कोरडा!

तर त्या दुपारी दादा नेहमीसारखा माझ्यावर करवादत होता, शिलाई सैल, पुठ्ठा तिरका, वगैरे वगैरे, आणि मध्येच गप्प झाला. मग माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटंच धरलं, आणि म्हणाला, ‘काय सुरेख शिवलंयस रे! माझ्यापेक्षा तुझा हात चांगला आहे.’

माझ्या हातातली सुई गळाली. मी मागे वळून पाहिलं, हा बोलतोय कोणाशी? मागे भिंत! तर पुढे म्हणतो, ‘दमला असशील. पंखा लाव.’

पंखा लाव? दादा? मी त्याच्या कपाळाला हात लावला तर चटकाच बसला! रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे विचारतायत, ‘चिडचिड करतायत का? असंबद्ध बोलतायत का?’ म्हटलं, ‘बाई, चिडचिड जन्मापासून आहे! आज गोड बोलतोय म्हणून तर फोन केला!’ त्या म्हणाल्या, ‘बळेच पाणी पाजू नका. सदरा काढा, सगळं अंग ओलं करा, मानेला, काखेत ओली फडकी लावा, आणि वारा घाला!’

वारा घाला म्हणे! आमच्याकडे! अहो, दाबलं मी बटण! पंखा घरघरला, कित्येक वर्षांची धूळ आमच्या अंगावर ओतली, आणि फिरला… आणि अख्खी कादंबरी हवेत! खाली दादा ओलाचिंब, मी त्याच्यावर बादली रिकामी करतोय, वरून प्रकरणंच्या प्रकरणं कोसळतायत, आणि दादा डोळे मिटून पुटपुटतोय, ‘छान वाटतंय हो…’ त्या ‘छान’वर तर मी आणखी एक बादली ओतली! म्हटलं, दादा, शिवी दे रे, एक तरी शिवी दे!

वाचला. रुग्णालयात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘वेळेवर गार केलंत म्हणून वाचले.’ संध्याकाळी दादाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि खेकसला, ‘गाढवा, पंखा कोणी लावला?’ आणि मी तिथे सगळ्यांदेखत रडलो!

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे पुस्तकं दाबून ठेवायची ती लोखंडी वजनं आहेत ना? थप्प्यांवर ठेवता येत नाहीत?’

तुम्हाला सांगतो, वजनांनी भरलेल्या खोलीत आम्ही दोघे भाऊ आयुष्यभर वाऱ्याला भिऊन बसलो होतो!

आता पंखा फिरतो, खिडकी उघडी असते, टळटळीत दुपारी काम बंद, आणि दादा वहिनींच्या देखत पाणी पितो. परवा भीतभीत विचारलं, ‘दादा, माझा हात चांगला आहे असं म्हणाला होतास…’ ‘कोण, मी? शिलाई बघ तुझी!’

डॉक्टरीणबाईंनाही विचारून पाहिलं. म्हणाल्या, ‘उष्माघातात माणूस भ्रमात काहीही बोलतो.’ म्हणजे बघा, जन्मात एकदाच माझं कौतुक झालं… आणि तेही आजाराच्या लक्षणांत जमा!