कायमचा चाललेला मामा

देश सोडावा तर आमच्या धाकट्या मामासारखा, छाती पुढे काढून! साठच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात स्कूटरसाठी नंबर लावून मामाला वर्षं झाली होती, आणि स्कूटरचा पत्ता नाही. एक दिवस तो भडकलाच.

"लायसन्स, परमिट, रेशन! या सरकारच्या रांगेत म्हातारं व्हायचं नाही मला. मी कॅनडाला चाललो. कायमचा!"

बाबा म्हणाले, "सरी, ठीक आहे, पण तिथली थंडी?"

"थंडीला परमिट लागत नाही, भावजी!"

माझी आई त्याची थोरली बहीण. तिने आठवडाभर रडून घर डोक्यावर घेतलं, पण मामा ढिम्म. "रडून काय होणार, अक्का? या देशाशी माझा संबंध संपला."

निघायच्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडी हलली तसं मामाला एकदम काहीतरी आठवलं. दारातून अर्धा बाहेर येऊन तो ओरडला, "अक्का, माझा स्कूटरचा नंबर तेवढा रद्द करू नकोस गं! जवळ आलाय!"

आईने पदराने डोळे कोरडे केले आणि म्हणाली, "जा खुशाल. येतोस तू."