आयर्लंडातलं वावर

वरठी स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत तृप्तीच्या पुढं एक म्हातारं जोडपं गावच्या माणसाशी बोलत होतं, आणि तृप्तीचे कान तिकडंच लागले होते.

"भय्याजी, आयर्लंड पाहून आले म्हणे?"

"हो ना, लक्ष्मणराव! पोरानं अशी गाडी केली होती, का तिच्यातच शेगडी, तिच्यातच पलंग. खेड्याखेड्यानं फिरलो."

"अन् मुक्काम?"

"एका शेतकऱ्याच्या वावरात. लय भला माणूस! सकाळी सोता ट्रॅक्टर घेऊन आला, आमाले रस्त्यावर पोचवाले."

"पोचवाले कायचा?" बाई उसळल्या. "गाडी चिखलात रुतली होती, ते ओढाले आला!"

"तू चूप राय ना."

"काहून चूप राहू? लक्ष्मणभाऊ, वावरातलं पाणी नालीनं बाहेर जाऊन राहिलं होतं. ह्यायनं माती टाकून नालीचं तोंडच बुजवलं."

"एवढं पाणी फुकट जाऊन राहिलं होतं! मले पाहवलं नाई."

"सकाळी उठून पायतो त गाडीच्या पायरीपर्यंत पाणी, वावराचा पुरा तरा! पोरगा म्हणते, पुढच्या बारीले आई, तू एकटीच येजो."

खिडकीतला बाबू तिकीट हातात धरून ऐकतच राहिला होता.

"ते जाऊ द्या, लक्ष्मणराव. पण त्या ट्रॅक्टरच्या चाकाईनं चिखल असा मस्त केला होता, का लावाले धानाचे पऱ्हे, रोपं जवळ असते, त रोवणा करूनच आलो असतो!"