सतराव्या ओळीतलं घर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव माननीय काकासाहेब, प्रमुख पाहुणे तात्यासाहेब, व्यासपीठावरच्या प्राचार्या मॅडम, माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळं मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

एकतीस वर्षं इथं संख्याशास्त्र शिकवून मी आज निवृत्त होतोय. माझ्याविषयी फार चांगलं बोललं गेलं. मॅडमनी तर ‘शहरात कोण कुठं राहतं’ या आमच्या बक्षीसपात्र प्रकल्पाचाही गौरव केला. मॅडम, आभारी आहे. पण त्या प्रकल्पातली एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ही शाल मला खांद्यावर ठेववत नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी वर्गात पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून एक गणित शिकवायचो. प्रत्येक सोंगटीची अट एवढीच, की शेजाऱ्यांतला तिसरा हिस्सा आपल्या रंगाचा असावा. नसला तर तिनं दुसऱ्या रिकाम्या घरात जायचं. काही चालींतच काळ्या एकीकडं, पांढऱ्या दुसरीकडं. मी म्हणायचो, बघा, कुणीही वाईट नाही, तरी वस्त्या वेगळ्या होतात. खरं सांगू का, या गणितानं मला फार बरं वाटायचं.

वर्गात संध्या होती. बौद्ध घरातली, वडील कचरूभाऊ गवंडीकाम करायचे. ती म्हणाली, “सर, सोंगटी पाहिजे तिथं जाती. आम्हाला जाऊ देत्यात का?”

मी म्हटलं, “मोजून दाखव.”

तिनं मोजलं. ‘खोली भाड्यानं देणे आहे’ अशा पाट्यांवरचे चाळीस नंबर जमवले. आधी तिची मैत्रीण प्रेरणा फोन करायची, आपलं आडनाव सांगायची. खोली रिकामी असायची. अर्ध्या तासानं संध्या फोन करून आपलं आडनाव सांगायची. सत्तावीस ठिकाणी खोली तेवढ्यात गेलेली असायची.

तक्ता तपासताना सतराव्या ओळीत मला पडेगावचा एक नंबर दिसला. माझ्या आईचा, गोजरबाईंचा. आमच्या घराची वरची खोली आम्ही भाड्यानं द्यायचो. शेरा होता, ‘आडनाव विचारलं. कालच गेली म्हणाल्या.’ आई आता नाही, तिच्यावर ढकलणं सोपं आहे. पण ते वाक्य तिला मी शिकवलं होतं.

मी संध्याला म्हटलं, “ही ओळ काढ. ही नोंद बाकीच्यांत बसत नाही.”

ती तक्त्याकडं बघत राहिली. “सत्तावीस नकार हायत, सर. त्यातला हा एकच कसा बसत नाय?”

“मी सांगतोय ना.”

तिनं ओळ काढली. एकोणचाळीस घरांच्या तक्त्यावर आम्ही बक्षीस घेतलं.

काकासाहेब, आपण घड्याळ बघताय. आवरतोच.

गेल्या रविवारी मी लासूर स्टेशनला गेलो. संध्या तिथल्या शाळेत गणित शिकवते. तिनं चहा ठेवला. मी सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “मला म्हाईत होतं, सर. निकालाचे पेढे घेऊन तुमच्या घरी आले, तवा फाटकावर पाटी होती. नंबर तोच.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्या मार्कांवर नोकरी मिळणार होती. मी बी गप बसले. ते अजून बोचतं मला.”

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “इथं दोघांत मागून काय उपयोग, सर? बक्षीस तर भरल्या सभेत घेतलं आपण.”

आज तिला बोलावलं होतं. ती आलेली नाही, आणि तिनं यावं असा माझा हक्कही नाही. बक्षीस परत करण्याचं पत्र मी मॅडमच्या टेबलावर ठेवलं आहे. त्यात संध्याचा दोष नाही, असंही लिहिलं आहे.

आपण केलेल्या सत्काराबद्दल सर्वांचे मनापासून आभार. एकतीस वर्षांत कुणाला लागेल असं बोललो असेन, तर मोठ्या मनानं क्षमा करा. फक्त ही एक चूक पोटात घालू नका. नऊ वर्षं मी तेच केलं.